पर्वरीचा फ्लामेंको वर्ग: आधी टाळ्या, मग टाचा

गोव्यात पर्वरीला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर फ्लामेंको या स्पॅनिश नाचाचा आठ आठवड्यांचा प्राथमिक वर्ग चालतो. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी दीड तास. फी 9,000 रुपये. बूट आणि घागरा ज्याचा त्याने आणायचा. शिकवणाऱ्या बाईंचा पाया कथकचा, पुढचं शिक्षण स्पेनमधल्या सेव्हिल आणि हेरेसचं. तुकडीत बारा-चौदा जण असतात. निम्म्याअधिक मुली कथक-भरतनाट्यम केलेल्या, बाकीचे पाश्चात्त्य नृत्याच्या वर्गांतून आलेले, आणि एखाद-दुसरा कधीच न नाचलेला.

झालरींचा लाल घागरा, केसांत फूल आणि पहिल्या संध्याकाळपासून टाचांचा कडकडाट, अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो. पहिले दोन आठवडे बूट पिशवीतून बाहेरच येत नाहीत. सगळे खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. ‘पैसे नाच शिकायला भरले, टाळ्या वाजवायला नाही’ ही या वर्गाबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी कुरकुर. आमच्या मते मात्र फी वसूल होते ती याच दोन आठवड्यांत.

फ्लामेंकोत तालचक्राला कोंपास म्हणतात आणि ते अंगात मुरलेलं नसेल तर बाकी सगळं सोंग ठरतं. बाई सुरुवात तांगोस या फ्लामेंकोच्या सोप्या प्रकाराने करतात. (अर्जेंटिनाच्या टँगोशी याचा संबंध नाही.) तांगोस चार मात्रांचा. पहिली मात्रा मोकळी सोडायची, दोन-तीन-चारवर टाळी. ऐकायला सोपं, पण आपल्याकडची माणसं इथेच अडखळतात. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची सवय हाताला लहानपणापासून लागलेली असते. आरतीला उभे राहिलो तरी हात तिथेच पडतो. बाईंचा उपाय साधा आहे: पहिल्या मात्रेला टाळीऐवजी पाय जमिनीवर टेकवायचा, आवाज न करता. चार-पाच दिवसांत हात गप्प राहायला शिकतो.

तिसऱ्या आठवड्यात सोलेआ हा दुसरा प्रकार येतो आणि खरी गंमत सुरू होते. सोलेआ बारा मात्रांचा. जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. म्हणजे खंड पडतात ते 3-3-2-2-2 असे. आपला बारा मात्रांचा एकताल शिकलेल्यांना बारा म्हटल्यावर धीर येतो, आणि तोच घात करतो. एकतालाच्या टाळ्या 1, 5, 9, 11 वर आणि ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, 3 व 7 वर. दोन्ही याद्या शेजारी मांडून पाहा: एकतालाच्या टाळीची एकही मात्रा सोलेआच्या जोराच्या मात्रेशी जुळत नाही. उलट सोलेआचा पहिला जोर येतो तो नेमका एकतालाच्या पहिल्या खालीवर. त्यामुळे एकताल पक्का असणारी मुलगी सोलेआत सुरुवातीला नवख्यापेक्षा जास्त चुकते. कथकवाल्या विद्यार्थिनींना बाई पहिल्याच दिवशी सांगून टाकतात की बारा हा आकडा सोडला तर बाकी काही ओळखीचं समजू नका. हे सांगायला कथक आणि फ्लामेंको दोन्ही पायांखालून गेलेलं असावं लागतं. नुसत्या स्पॅनिश शिक्षकाच्या लक्षात ही अडचण येणार नाही.

दुसरा पेच समेचा. आपल्याकडे तुकडा, परण, तिहाई सगळं धावत येऊन समेवर पडतं, पहिल्या मात्रेवर. सोलेआत वाक्य बंद होतं ते दहावर. अकरा-बारा या मात्रा मग श्वासाला राहतात. टाळ्या, गिटार चालू असतात, नाचणारा थांबलेला असतो. कथकच्या मुली दहावर थांबतात खऱ्या, पण तोल पुढे झुकलेलाच राहतो, कारण अंग अजून समेची वाट बघत असतं. बाहेरच्याला कळणारही नाही, पण ताल धरणाऱ्याला चटकन कळतं. यासाठी वर्गात एक व्यायाम घेतात: बारा मात्रा मोजत चालायचं, दहाला दोन्ही टाचा एकदम टेकवून वजन खाली सोडायचं आणि बारापर्यंत हनुवटीही हलवायची नाही. मेट्रोनोम मिनिटाला 60 वर. कंटाळवाणा व्यायाम आहे आणि त्याला पर्याय नाही.

बारा मात्रा घड्याळाच्या तबकडीवर मांडून शिकवायची रीत फ्लामेंकोत सगळीकडे आहे, ती इथेही वापरतात. तिचा फायदा पुढे कळतो. त्याच तबकडीवर आलेग्रियास बसतो. मांडणी सोलेआचीच, पण लय चढी आणि सूर प्रसन्न. बुलेरियासही तिथेच बसतो. मोजणी बारापासून आणि वेग इतका की आकडे तोंडाने म्हणता येत नाहीत. सेगिरिया याच तबकडीवर आठपासून सुरू होतो: 8, 10, 12, 3, 6, म्हणजे 2-2-3-3-2. एक चित्र डोक्यात बसलं की चार प्रकार उलगडतात. वर्गात सेगिरिया नाचायला शिकवत नाहीत, फक्त टाळ्यांवर वाजवून दाखवतात, आणि प्राथमिक वर्गाला तेवढं पुरे.

टाळ्यांचेही दोन प्रकार. सोर्दास म्हणजे दबक्या: दोन्ही तळवे किंचित खोलगट करून एकमेकांवर, आवाज घुमा. क्लारास म्हणजे खणखणीत: उजव्या हाताची जुळलेली बोटं डाव्या तळव्याच्या खळग्यात, आवाज कोरडा, टोकदार. गाणं चालू असताना सोर्दास, पायांचं काम रंगलं की क्लारास. चूक होते ती तळहात ताणून धरण्यात. पाच मिनिटांत हात लाल होतो आणि आवाज मात्र पसरट येतो. मनगट सैल, कोपर अंगाजवळ आणि डावा हात जवळजवळ स्थिर ठेवला की आवाज आपोआप सुधारतो. वर्ग दोन गटांत विभागून एकाला मात्रेवर आणि दुसऱ्याला मात्रांच्या मधल्या जागेवर वाजवायला लावतात. घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरती होते त्या घरांतली मुलं यात पटकन रुळतात असं आमचं निरीक्षण आहे.

या वर्गाची दुसरी मोठी बाजू म्हणजे कोणाकडून काय घ्यायचं याची बाईंनी बसवलेली योजना. गोव्यात बसून रोज हाडाचा फ्लामेंको नर्तक पाहायला मिळणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. म्हणून दर आठवड्याला एक नर्तक नेमून देतात आणि त्याच्याकडे बघायचं ते एकाच गोष्टीसाठी. चित्रफीत तीन वेळा पाहायची: एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकत, आणि तिसऱ्यांदा टाळ्या धरून. नुसतं ‘यूट्यूबवर बघा’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हातांसाठी मातिल्दे कोराल. जन्म 1935, सेव्हिलच्या त्रियाना वस्तीतला. सेव्हिल घराण्याच्या शैलीचं नाव काढलं की प्रथम यांचंच नाव येतं. लांब शेपटीचा घागरा, बाता दे कोला, सांभाळत नाचण्याचं शास्त्र त्यांनी पिढ्यांना शिकवलं. वर्गात मात्र घागऱ्याकडे बघायचं नाही, खांद्यांकडे बघायचं. हात वर जाताना त्यांचा खांदा वर चढत नाही. हात पाठीतून निघतो, कोपर थोडं बाहेर वळलेलं राहतं आणि मनगट शेवटी पोहोचतं. आपल्या मुलींचे हात सुंदर असतात, पण मुद्रांच्या सवयीने बोटं ठरावीक जागी जाऊन थांबतात. फ्लामेंकोत बोटं थांबत नाहीत. मनगट फिरत राहतं, बोटं त्याच्यामागून एकेक उलगडतात नि मिटतात. हंसास्य किंवा अलपद्म अशी मुद्रा चुकून डोकावली की बाई नुसत्या हसतात, आणि ते पुरतं.

पायांसाठी कार्मेन आमाया, पण ताकीद देऊन. बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या सोमोरोस्त्रो झोपडपट्टीतली ही मुलगी पुरुषी विजार घालून नाचली आणि त्या काळात पुरुषांचंच मानलं जाणारं वेगवान पायकाम तिने स्वतःच्या नावावर केलं. 1963 मध्ये ती गेली. त्याच वर्षीच्या ‘लोस तारान्तोस’ या चित्रपटात ती टेबलावर बोटांच्या पेरांनी बुलेरियासचा ताल धरते तो प्रसंग बाई दाखवतात. नाचणं नंतर, आधी ती पेरं ऐका म्हणतात. ताकीद अशी की तिच्या वेगाची नक्कल करायची नाही. नवखा विद्यार्थी वेग आणायला जातो तेव्हा तीन गोष्टी होतात: गुडघे ताठ होतात, श्वास कोंडतो आणि चार ठोक्यांपैकी एक गिळला जातो. कार्मेन आमायाचा वेग ऐकताना प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. शिकायचं आहे ते सुटेपण.

अंगाची रेघ आणि थांबणं यासाठी आंतोनिओ गादेस (1936–2004). दिग्दर्शक कार्लोस सौरा यांच्या 1981 च्या ‘बोदास दे सांग्रे’त तो आणि क्रिस्तिना ओयोस आहेत, एका तालमीच्या रूपातच तो चित्रपट उभा आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला फार उपयोगी. शेवटचं चाकूंचं द्वंद्व संथ गतीत, वाद्यांशिवाय चालतं. न हलणाऱ्या अंगातही ताण कसा टिकवायचा, याचा तो धडा आहे. पुरुष विद्यार्थ्यांना याच आठवड्यात जुन्या पिढीतले नर्तक व्हिसेंते एस्कुदेरो यांची 1951 सालची दहा सूत्रं वाचून दाखवतात: पुरुषाने पुरुषासारखं नाचावं, कंबर स्थिर ठेवावी, मनगट फिरवताना बोटं जुळलेली असावीत, बुटाला धातूच्या पट्ट्या नकोत, वगैरे. यातली निम्मी सूत्रं आज कोणी पाळत नाही. आजचा नर्तक इस्राएल गाल्वान पाहिला तर एस्कुदेरोंच्या चाहत्यांना घेरी येईल. पण नियम मोडायचा तरी तो आधी ठाऊक हवा.

वजनासाठी फारुको (1935–1997) आणि त्याचा नातू फारुकितो. या घराण्याचं नाचणं जमिनीकडे जाणारं. फारुको बराच वेळ काहीच करत नाही, नुसता उभा राहतो, आणि मग एकच ठोका मारतो. तालाच्या स्वाभाविक जाणिवेसाठी ला चाना: रेडिओ ऐकत स्वतःची स्वतः शिकलेली, आणि उतारवयात खुर्चीत बसून नाचलेली. गुडघ्याची तक्रार असलेल्यांना बाई तिची ती बैठी चित्रफीत आवर्जून देतात, आणि वर्गातही खुर्चीत बसून पायकाम करायची मुभा असते. हे आम्हाला फार आवडलं, कारण टाचेचा अचूकपणा बसूनच चांगला तपासता येतो. शेवटच्या आठवड्यात सोलेआसाठी एवा येर्बाबुएना. ग्रानादात वाढलेली, 1970 चा जन्म. एवढी सगळी नावं एका प्राथमिक वर्गात कशाला, असं वाटू शकतं. पण एकाच नर्तकाला चिकटलेला विद्यार्थी त्याच्या लकबी आधी उचलतो. सात-आठ जणांकडून एकेक गोष्ट घेतली की लकबी गळून पडतात.

एक मोठी उणीव मात्र इथेच आहे. यादीत गाणारं कोणी नाही. फ्लामेंकोत गाणं आधी, नाच त्याला उत्तर देणारा. सोलेआ शिकवायचा आणि फेर्नांदा दे उत्रेरा या गायिकेचा सोलेआ ऐकवायचा नाही, हे पटत नाही. आलेग्रियाससाठी कादिसचा चानो लोबातो ऐकवायला हवा होता. नर्तकांसाठी गाण्यात त्याचं आयुष्य गेलं. नर्तकाला गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो ते कळलं पाहिजे, कारण ओळींच्या मधली जागाच त्याची असते. घरी जाऊन या दोघांना ऐकावं; वर्गाची ही बाजू स्वतःच भरून काढावी लागेल.

आता पाय. पायाचे सुटे आवाज शिकवतात ते असे: गोल्पे म्हणजे अख्खं पाऊल, प्लांता म्हणजे चवड्याचा भाग, ताकोन म्हणजे टाच, पुंता म्हणजे बुटाचं टोक मागे जमिनीला. पहिला पाठ प्लांता-ताकोन, उजवा-डावा, मिनिटाला 60 च्या लयीत एका ठोक्याला एक आवाज. मग दोन, मग तीन, मग चार. तीनवरून चारवर जाताना बहुतेकांचा ताल फुटतो. तीन आवाजांत पाय आलटून-पालटून पुढे येतो आणि चारमध्ये तोच पाय पुन्हा सुरुवातीला येतो, हा बदल डोक्याला कळतो पण पायाला कळायला वेळ लागतो.

कथकच्या तत्कारात, म्हणजे पायकामात, गुडघा सरळ आणि पाऊल सपाट पडतं. इथे गुडघे कायम थोडे वाकलेले, वजन चवड्यांवर, पाय गुडघ्यातून मागे उचलायचा आणि खाली सोडायचा. आपटायचा नाही. तपासायची खूण: आरशात डोक्याची उंची बदलता कामा नये. डोकं वरखाली होत असेल तर गुडघे ताठ आहेत. टाचेच्या ठोक्याला आवाज येत नसेल तर वजन मागे सरकलंय. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं तर घोटा आवळून धरलाय, किंवा जमीन कडक आहे.

जमीन हीच वर्गाची सर्वांत कमजोर बाजू. हॉलला फरशी आहे. वर प्लायवूडचे तक्ते टाकतात, पण ते थेट फरशीवर. खाली हवा नसल्यामुळे आवाज बोथट येतो आणि धक्का सगळा नडगी, गुडघा आणि कमरेत जातो. दोन तक्त्यांच्या सांध्यात टाच अडकण्याची भीती वेगळी. खालच्या मजल्यावरच्यांच्या तक्रारीमुळे आठनंतर पायकाम बंद करावं लागतं, म्हणजे दीड तासातला शेवटचा भाग हातांवर जातो. आयोजकांनी तक्त्यांखाली रिपा ठोकल्या आणि त्याखाली रबर टाकलं तर निम्मे प्रश्न सुटतील. खर्च फार नाही.

घरच्या सरावासाठी तक्ता करून घ्यायचा असेल तर सुताराला असं सांगा: 8 बाय 4 फुटांचं 19 मिमी मरीन प्लाय, मधोमध कापून दोन तक्ते. एक तुम्हाला, एक मैत्रिणीला. खाली एकेक फुटावर रिपा, कडेची रीप अगदी काठाशी. ती आत घेतली तर काठावर पाय पडताच तक्ता उलटतो. रिपांना खालून 8-10 मिमी जाडीची रबरी पट्टी. वरचा भाग कोराच ठेवा. सनमायका किंवा चकचकीत पॉलिश नको, खिळ्यांचा बूट घसरतो. चारही कडा आणि खालची बाजू मात्र वॉर्निशने बंद करा, नाहीतर पहिल्याच जुलैत प्लायचे पापुद्रे सुटतात. प्लायच तेवढं 18-20 किलो भरतं, तेव्हा रोज उचलून ठेवण्याचा बेत करू नका.

बुटांबद्दल वर्गात जी माहिती देतात ती अपुरी आहे. गोव्यात फ्लामेंकोचे बूट मिळत नाहीत. बॉलरूमचे, कॅरॅक्टर डान्सचे किंवा साध्या टाचांचे सँडल चालतील असं दुकानदार सांगतील. ते चालत नाहीत. फ्लामेंकोच्या बुटात चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे दाटीवाटीने ठोकलेले असतात, तळ जाड चामड्याचा आणि टाच आतून भक्कम. साधी टाच दोन महिन्यांत हलू लागते. टॅपचे धातूच्या पट्ट्यांचे बूट तर मुळीच नकोत. आवाज वेगळा आणि घसरण जास्त. सुरुवातीला पाच सेंटिमीटरची, रुंद, सरळ टाच घ्या. स्पेनमध्ये तिला कुबानो म्हणतात. मध्ये निमुळती होणारी कारेते दिसायला देखणी, पण घोट्याला ताकद येईपर्यंत थांबा.

माद्रिदच्या गायार्दो, सेनोव्हिया यांसारख्या कारागिरांकडून मागवता येतात. माप पाठवताना पाऊल कागदावर ठेवून रेघ ओढा, लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, चवड्याचा घेर मोजा, आणि हे सगळं संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. बूट घट्टच हवा. कातडं सैलावतं, बोटं दुमडली जाणार नाहीत पण टाच निसटणारही नाही, इतका घट्ट. वाहतूक आणि सीमाशुल्क धरून किंमत बरीच चढते. म्हणून बूट वर्ग सुरू झाल्यावर, दुसऱ्या आठवड्यानंतर मागवा. टाळ्यांनीच कंटाळून सोडणारे तुकडीत दोघे-तिघे असतातच, त्यांचे पैसे तरी वाचतील. पायकामाच्या पहिल्या पाठांना भक्कम टाचेचा जुना चामडी बूट निभावून नेतो.

पावसाळ्यात या बुटांचे हाल होतात. खिळे गंजतात, कातड्यावर बुरशी धरते आणि तळाचा डिंक सुटतो. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. आत कोरडे वर्तमानपत्राचे बोळे भरा, कापडी पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. खिळ्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवा आणि नाचण्याआधी तो कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. खिळे सुटून वर येतात हे ठरलेलंच आहे. छोट्या हातोडीने परत बसवायचे. चांभाराकडे दिलात तर तळाला रबर चिकटवू नको हे बजावून सांगा. चांगल्या हेतूने ते लावतात आणि बुटाचा आवाज जातो.

घागऱ्याची फार चिंता नको. घोट्याच्या वर चार बोटं राहील असा सुती, घेरदार घागरा पुरतो. पाय दिसले पाहिजेत. मराठी घरात आईची जुनी नऊवारी असेलच. तिच्यात असा एक घागरा निघतो आणि वर झालरही. कास्टानेट्स, म्हणजे बोटांत अडकवून वाजवायच्या लाकडी चकत्या, वर्गात शिकवत नाहीत. योग्यच आहे. फ्लामेंको म्हटलं की लोकांना तीच आठवतात, पण सोलेआत, बुलेरियासमध्ये त्यांची गरज नसते आणि नवख्याचे हात त्यांच्यात अडकून पडतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत एक गिटारवादक येतो. गोव्यात गिटार घराघरात आहे, तरी नाचाला साथ करणारा गिटारवादक मिळणं कठीण, कारण त्याला नर्तकाच्या पायांकडे बघून वाजवावं लागतं. नर्तक यामादा करतो, म्हणजे ठोक्यांनी गाणाऱ्याला-वादकाला हाक देतो, आणि त्यांनी तिथे प्रतिसाद द्यायचा असतो. ध्वनिमुद्रणाला हाक कळत नाही. त्यामुळे पहिले सहा आठवडे विद्यार्थी यामादा पाठ करतात, पण ती कशासाठी हे त्यांना सातव्या आठवड्यात कळतं, जेव्हा दहावर नीट न थांबल्यामुळे गिटार तशीच पुढे वाहत जाते. वादक तिसऱ्या आठवड्यापासूनच यायला हवा. त्यासाठी फी हजारभराने वाढली तरी आमची हरकत नाही.

एका गोष्टीवर मात्र आयोजकांना टोकायलाच हवं. माहितीपत्रकात ‘कथकपासून जन्मलेला फ्लामेंको’ असं ठळक छापलंय. रोमा लोकांची भाषा भारतीय मुळाची आहे हे भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झालंय, आणि ते पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचल्याचे कागद आहेत. पण फ्लामेंको आकाराला आला तो आंदालुसियात, अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसावं शतक या काळात. त्यात रोमांबरोबर तिथल्या इतर लोकांची गाणी-नाचही मिसळलेली आहेत. कथकशी थेट नातं सांगणारा पुरावा नाही. बाई स्वतः वर्गात हे स्पष्ट सांगतात, मग पत्रकात उलट का? शिवाय आपल्याकडे काही पालक याला पोर्तुगीज नाच समजून मुलांना पाठवतात. पत्रकात स्पेनचा उल्लेख लहान अक्षरांत असल्यामुळे तो गैरसमज तसाच राहतो.

आठ आठवड्यांनंतर काय येतं? तांगोसचा तीन-चार मिनिटांचा बसवलेला नाच, सोलेआच्या दोन ओळींवरचं मार्काहे (गाणं चालू असताना ताल धरून टाकायची साधी पावलं), एक यामादा, एक रेमाते (वाक्य बंद करणारे ठोके), आणि न चुकता धरता येणाऱ्या टाळ्या. रंगमंचावर उभं राहण्याइतकं हे नाही. लग्नाच्या संगीताला नाच बसवून हवा असणाऱ्यांनी कळंगुट-बागाच्या बाजूला रुंबा शिकवणारे छोटे वर्ग भरतात तिकडे जावं. रुंबा मजेचा आहे, लवकर बसतो, कोणाला तक्रार नसावी. पुढे गंभीरपणे शिकायचं असेल तर मात्र पर्वरीतला पाया उपयोगी पडतो. माद्रिदची आमोर दे दिओस ही शाळा, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये हेरेसच्या महोत्सवात होणारे वर्ग, इथे प्राथमिक गटात उभं राहणाऱ्याला कोंपास येत असेल तर शिक्षक लगेच लक्ष देतात. येत नसेल तर मागच्या रांगेत आठवडा निघून जातो.

नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: तक्त्यांखाली रिपा बसवल्या का, वादक कितव्या आठवड्यापासून येणार, आणि तुकडीत किती जण. चौदाच्या वर असतील तर पुढच्या तुकडीसाठी थांबा, कारण बाई प्रत्येकाची टाच वाकून, कान लावून ऐकतात आणि अठरा जणांची ऐकून होत नाही. जूनमध्ये सुरू होणारी तुकडी टाळलेली बरी. ओल्या हवेत तक्ते फुगतात, दिवे जातात आणि म्हापशाहून-फोंड्याहून येणाऱ्यांच्या गैरहजेऱ्या वाढतात. ऑक्टोबरची तुकडी उत्तम. तिच्यासाठी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नाव नोंदवावं लागतं.